जुन्या टेबलावरचे डाग



आईवडिलांच्या वेळचे सागवानी जेवणाचे टेबल पुष्कळ घरांत असते. डाग पडले, पॉलिश उडाले, की ते मागच्या खोलीत जाते आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. बुऱ्हाणपुरातील आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा असे टेबल माझ्या वाट्याला आले. थोरल्या भावालाही ते हवे होते. त्यावरून आमचा दोन वर्षे अबोला राहिला. गेल्या हिवाळ्यात ते दुरुस्त करताना जे शिकलो, ते येथे मांडीत आहे.

१. पॉलिश ओळखावे. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा थोडा वेळ धरावा. थर चिकट होऊन सुटला, तर पॉलिश लाखेचे आहे असे समजावे. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांपासून लाख मिळते व तिचाच चपडा होतो. थर सुटला नाही, तर ते व्हार्निश किंवा अलीकडचे मेलामाइन असू शकते.

२. डाग ओळखावा. गरम भांड्याचा पांढरा डाग बहुधा पॉलिशच्या थरातच असतो. लाखेवर असेल तर स्पिरिटने किंचित ओलावलेले फडके हलकेच फिरवल्याने तो पुष्कळदा जातो. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो. पाणी व लोखंड यांचा लाकडातील टॅनिनशी संयोग होऊन तो पडतो. म्हणून प्रत्येक डागासाठी सगळे टेबल खरवडण्याची गरज नाही.

३. घासणे. प्रथम कड पाहावी. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड भरीव आहे. पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल तर फार जपून घासावे. पॉलिश पेपर १००, मग १५०, मग २२० नंबरचा, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. मी घाईने आडवे घासले. ओरखडे तेव्हा दिसले नाहीत, पण पॉलिशचा पहिला हात देताच सगळे उठून दिसले, आणि मला पुन्हा आरंभापासून काम करावे लागले. काळ्या डागावर ऑक्झॅलिक ॲसिडचे पाणी लावतात. ते विषारी आहे. हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे व नंतर टेबल भरपूर पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यावे.

४. पॉलिश करणे. एक लिटर स्पिरिटात सुमारे २०० ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजत घालावा. लोखंडी भांडे वापरू नये, रंग काळवंडतो. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून पातळ हात द्यावेत व बोळा टेबलावर थांबू देऊ नये. पावसाळ्यातील दमट हवेत थर पांढुरका होतो, म्हणून हिवाळा बरा. लाखेला गरम भांडे सोसत नाही. रोज गरम पातेली ठेवायची असतील तर पॉलियुरेथेन निवडावे; पण ते साध्या चपड्यावर लावू नये. चपड्यातील मेणामुळे ते नीट धरत नाही.

५. आगीची काळजी. स्पिरिट चुलीपासून दूर ठेवावे. अळशीचे तेल लागलेली फडकी चोळामोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

एक खूण मात्र राहिली होती, कंदिलाने जळलेली. जळके लाकूड ॲसिडने उजळत नाही. तासावे लागते आणि तेथे खळगा पडतो. रंधा दादाकडे होता. नाइलाजाने मी त्याच्या दारी गेलो. तो काही न बोलता रंधा घेऊन आला, खुणेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “अरे, मला टायफॉइड झाला होता तेव्हा आई इथेच कंदील ठेवून रात्रभर बसायची. ही राहू दे.”

रंधा चालवलाच नाही. पॉलिशचे शेवटचे हात आम्ही दोघांनी मिळून दिले. पुढच्या रविवारी दोन्ही घरची माणसे त्या टेबलाभोवती जेवली. दादा त्या खुणेजवळ बसला.

विचारासाठी प्रश्न :
१. आपल्या घरातील टेबलावरचे डाग वरचे आहेत की आतले?
२. कोणता डाग काढावा आणि कोणता राहू द्यावा, हे आपण कोणाला विचारून ठरवाल?