जाताना सेनापती, येताना प्रधान

चीनमधील जुन्या पद्धतीच्या नाट्यगृहात रंगमंचाच्या मागील बाजूस दोन दारे असत. प्रेक्षकांच्या डाव्या हाताच्या दारावर ‘छू ज्यांग’ आणि उजव्या हाताच्या दारावर ‘रू श्यांग’ अशी अक्षरे असत. नट पहिल्या दाराने रंगमंचावर येई व दुसऱ्या दाराने आत जाई. पात्र राजाचे असो वा भिकाऱ्याचे, त्याची ये-जा याच दारांनी व्हावयाची! ही चार अक्षरे सलग वाचली म्हणजे चिनी भाषेतील एक प्रसिद्ध वाक्प्रचार तयार होतो. ‘छू’ म्हणजे बाहेर पडणे, ‘ज्यांग’ म्हणजे सेनापती, ‘रू’ म्हणजे आत येणे आणि ‘श्यांग’ म्हणजे प्रधान. राजधानीबाहेर पडला की जो सैन्य चालवितो आणि परतला की राज्याचा कारभार पाहतो, अशा पुरुषाविषयी हे शब्द योजतात.

आपल्याकडे तलवार गाजविणाऱ्यास समशेरबहाद्दर आणि लेखणी गाजविणाऱ्यास कलमबहाद्दर म्हणतात. परंतु हे दोन शब्द बहुधा दोन निराळ्या माणसांच्या वाट्याला येतात. दोन्ही गुण एकाच ठायी मिळणे कठीणच, कारण रणांगणावर त्वरा लागते, तर राज्यकारभारात धीर लागतो.

मुलांनो, ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू भारतात आला होता, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. त्या काळी चीनमध्ये तांग घराण्यातील ताइझोंग हा सम्राट राज्य करीत होता. एके दिवशी त्याने वांग ग्वेइ नावाच्या मंत्र्यास आपल्या सहकाऱ्यांचे गुण सांगावयास फर्माविले. वांग ग्वेइने एकेकाचा विशेष सांगितला आणि ली जिंग याच्याविषयी बोलताना हाच वाक्प्रचार योजला. त्या बाबतीत मी त्याची बरोबरी करू शकत नाही, असेही त्याने मोकळ्या मनाने कबूल केले.

ली जिंगचा जन्म इ. स. ५७१ मधला. त्याची योग्यता कळण्यास ६२१ मधील एक मोहीम पुरेशी आहे. यांगत्से नदीच्या काठी ज्यांगलिंग नगरात श्याव श्येन नावाचा राजा तांग सत्तेला न जुमानता राज्य करीत होता. तांग सैन्य निघाले तेव्हा नदीला महापूर आला होता. पूर ओसरेपर्यंत थांबावे, असे इतर सरदार म्हणू लागले. शत्रूही तसेच समजून निश्चिंत बसला असेल, म्हणून हीच वेळ योग्य, असे ली जिंगचे मत पडले. ते मान्य झाले आणि जहाजे पुराच्या पाण्यातून खोल दऱ्या ओलांडून पुढे आली. श्याव श्येनने आपले बहुतेक सैनिक शेतीसाठी घरी पाठविले होते!

लढाईत शत्रूची पुष्कळ जहाजे हाती लागली. ली जिंगने ती नदीत मोकळी सोडून देण्यास सांगितले. मिळालेली लूट पाण्यात सोडणे सरदारांना वेडेपणाचे वाटले. परंतु श्याव श्येनच्या मदतीस येणाऱ्या सैन्याने वाटेत ती रिकामी जहाजे वाहत येताना पाहिली आणि नगर पडले की काय, या शंकेने ते थबकले. इकडे श्याव श्येनने शरणागती पत्करली.

येथवर सेनापतीचे काम झाले. आता सरदारांनी मागणी केली, की जे शत्रुवीर लढून मेले त्यांच्या घरांवर जप्ती आणावी व ती संपत्ती सैनिकांना वाटावी. ली जिंगने साफ नकार दिला. ते आपल्या धन्यासाठी मेले, त्यांना बंडखोर कसे म्हणावे, असा त्याचा सवाल होता. शिवाय ही लूट ऐकून पुढची नगरे अखेरपर्यंत झुंजतील, हेही त्याने ओळखले होते. झाले ते उलटच. दक्षिणेकडील नगरांनी आपण होऊन वेशी उघडल्या. माझ्या मते वांग ग्वेइच्या शब्दांचा खरा अर्थ या नकारात आहे. प्रधान होण्यापूर्वीच ली जिंग प्रधानासारखा विचार करीत होता.

पुढे ६३० मध्ये त्याने पूर्व तुर्कांची सत्ता मोडली आणि त्याच वर्षी त्याला प्रधानपद मिळाले. मंत्रिमंडळात तो इतका कमी बोले, की त्याला बोलताच येत नाही असे वाटावे! ६३४ मध्ये पायाच्या दुखण्यामुळे तो निवृत्त झाला. तोच पश्चिम सीमेवर तुयुहुन लोकांशी युद्ध उभे राहिले. साठी उलटलेला ली जिंग आपण होऊन पुढे आला व ६३५ मध्ये विजयी होऊन परतला.

परंतु याच मोहिमेत उशिरा पोहोचल्याबद्दल त्याची बोलणी खाल्लेल्या एका अधिकाऱ्याने त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप केला. चौकशीत तो खोटा ठरला आणि आरोप करणाऱ्यास शिक्षा झाली. तरीही ली जिंगने काय ओळखावयाचे ते ओळखले. सैन्य ज्याला मानते आणि दरबारही ज्याला मानतो, त्याच्याकडे कोण संशयाने पाहील याचा नेम नसतो. त्या दिवसापासून त्याने आपले दार लावून घेतले. पाहुण्यांची ये-जा बंद झाली. नातलगांनाही सहजासहजी प्रवेश मिळेना. ६४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो असाच राहिला.