बारावीचे गुण आणि अभियांत्रिकी प्रवेशाचा गुणवत्ता क्रमांक

कर्ली नदी व अरबी समुद्र यांमधील चिंचोळ्या भूपट्टीवर मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव वसले आहे. अशा गावातील विद्यार्थ्यास बारावीत ८० टक्के गुण मिळाले, तर अभियांत्रिकी पदवीच्या यादीत त्याचा क्रमांक कितवा लागेल? हा अंदाज चुकल्यास महाविद्यालयांचा पसंतीक्रम चुकतो आणि हाती येऊ शकणारी जागा निसटते.

टक्केवारी व क्रमांक या दोन भिन्न गोष्टी होत. टक्केवारी प्रश्नपत्रिकेच्या तुलनेत ठरते. क्रमांक इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत ठरतो. २०२५ मध्ये बारावीत कोकण विभागाचा निकाल ९६.७४ टक्के, तर राज्याचा ९१.८८ टक्के लागला. ही बाब अभिमानास्पद खरी. परंतु तीवरून एकाही विद्यार्थ्याचा क्रमांक सांगता येत नाही.

दोन्ही परीक्षांचे स्वरूपही निराळे आहे. बारावीच्या भौतिकशास्त्रात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा मात्र संपूर्णतः बहुपर्यायी असून तीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के स्थान आहे. पदवी प्रवेशासाठी बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते पाहिले जातात. खुल्या प्रवर्गासाठी ही मर्यादा ४५ टक्के आहे.

प्रवेश परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने तिचा निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे शततमकात दिला जातो. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ ९० टक्के गुण नव्हे. सत्रातील सुमारे ९० टक्के परीक्षार्थी त्या विद्यार्थ्याच्या बरोबरीने वा मागे आहेत, असा होय.

क्रमांकाचा अंदाज येथूनच बांधावा. शंभरातून पर्सेंटाइल वजा करावे, परीक्षार्थींच्या संख्येने गुणावे व शंभराने भागावे. समजा, त्या गटात ३,००,००० विद्यार्थी बसले. तर ९० पर्सेंटाइलला सुमारे ३०,००० वा आणि ९९ पर्सेंटाइलला सुमारे ३,००० वा क्रमांक येईल. सर्वच परीक्षार्थी केंद्रीभूत प्रवेशासाठी नोंदणी करीत नाहीत. म्हणून यादीतील प्रत्यक्ष स्थान बहुधा याहून वरचे असते.

पदविकेची गोष्ट वेगळी. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांत दहावीनंतरच्या प्रथम वर्ष प्रवेशाची गुणवत्ता दहावीच्या गुणांवरूनच ठरते. तेथे शालेय निकाल हाच थेट आधार होय.

बारावीच्या गुणांवरून काही अंदाज हवाच असेल, तर तो स्थानिक अनुभवातूनच मिळू शकेल. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने विद्यार्थ्यांचे बारावीचे गुण, पर्सेंटाइल व प्रत्यक्ष मिळालेला प्रवेश यांची नोंदवही ठेवावी. चार-पाच वर्षांच्या नोंदींतून एक आकडा नव्हे, तर क्रमांकाची खालची व वरची मर्यादा हाती येईल. ग्रामपंचायतीने पालकसभा भरवून ही माहिती नावे वगळून मांडल्यास पसंतीक्रम ऐकीव गोष्टींवर न ठरता अनुभवाच्या आधारावर ठरेल.