शब्द गेले, ठेका राहिला : पोल्का आणि स्थलांतरितांची भाषा

वर्गात ‘पोल्का’ हा शब्द निघाला की एखादी विद्यार्थिनी हमखास विचारते, ‘सर, परकर-पोलक्यातलं पोलकं ते हेच का?’ प्रश्न अगदीच अस्थानी नाही. 1840च्या दशकात युरोपात या नृत्याचे वेड इतके पसरले, की बायकांच्या एका जाकिटालाही त्याचे नाव मिळाले. पण नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी करू नये, हे मी आधी सांगतो. खुद्द नृत्याच्या नावाबद्दलही दोन मते आहेत. चेक भाषेत ‘अर्धा’ या अर्थाचा शब्द आहे, त्यावरून अर्ध्या पावलाचे नृत्य ते पोल्का, हे एक मत. ‘पोलंडची स्त्री’ या अर्थाच्या शब्दावरून ते आले, हे दुसरे.

नृत्य मात्र निःसंशय बोहेमियाचे. 1830च्या दशकात ते तिथे रुजले आणि दहा-पंधरा वर्षांत प्राग, पॅरिस, लंडन असे सगळीकडे पोचले. द्रुत लय, दोन ठोक्यांचा ठेका, तीन पावले आणि एक हलकी उडी, एवढेच त्याचे व्याकरण. पुढे चेक, पोलिश, जर्मन, स्लोव्हेनियन कुटुंबे पोटासाठी अमेरिकेत गेली, तेव्हा अ‍ॅकॉर्डियनबरोबर हा ठेकाही गेला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या प्रवासाचा अभ्यास का करावा, तर तिथे गाणे आणि भाषा यांची ताटातूट तीन वेगवेगळ्या प्रकारांनी झालेली दिसते.

पहिले उदाहरण ओहायो राज्यातील क्लीव्हलंडचे. कारखान्यांत राबणाऱ्या स्लोव्हेनियन लोकांनी तिथे वर्गणी काढून सभागृहे बांधली. सेंट क्लेअर मार्गावरचे ‘स्लोव्हेनियन नॅशनल होम’ 1924 सालचे. लग्न, नाटक, सभा, नाच, सारे एकाच छपराखाली. याच शहरात वाढलेला फ्रँकी यँकोविक (1915–1998) घरात राहायला ठेवलेल्या एका कामगाराकडून अ‍ॅकॉर्डियन शिकला. पुढे त्याने जुन्या स्लोव्हेनियन चालींवर इंग्रजी शब्द बसवले. 1940च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या दोन ध्वनिमुद्रिका देशभर गाजल्या. एक होते मूळचे अमेरिकन ग्रामीण ढंगाचे गाणे, त्याला त्याने पोल्क्याचा ठेका दिला. दुसरी होती चेक चालीवर इंग्रजी शब्द घातलेली वॉल्ट्‌झ. संगीत वस्तीबाहेर पडले, लोकप्रिय झाले, पण त्याची भाषा बदलली. नातवंडांकडे चाल पोचली, आजीची बोली पोचली नाही.

दुसरे उदाहरण टेक्सासच्या दक्षिण सीमेवरचे. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांनी पोल्का घेतला तो जर्मन आणि चेक वसाहतकारांकडून. नार्सिसो मार्तिनेस याने 1930च्या दशकात तो ध्वनिमुद्रित केला. अ‍ॅकॉर्डियनच्या डाव्या हाताचा खर्ज त्याने जवळजवळ सोडून दिला आणि ते काम सांतियागो आल्मेइदाच्या बारा तारांच्या ‘बाहो सेक्स्तो’कडे सोपवले. हे संगीत आधी मुख्यतः वाद्यांचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर वालेरियो लोंगोरियासारख्यांनी त्यात गायन आणले, तेही स्पॅनिशमध्ये. म्हणजे क्लीव्हलंडच्या नेमके उलट : ठेका परक्याचा, शब्द आपले.

तिसरे उदाहरण अ‍ॅरिझोनातील तोहोनो ओओधम या मूलनिवासी समाजाचे. त्यांच्या पोल्का-संगीताला ‘वायला’ म्हणतात; हा शब्द स्पॅनिशमधील ‘नृत्य’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. त्यात सहसा शब्द नसतातच. समाज रात्र रात्र एकत्र नाचतो, पण भाषा जपण्याचे ओझे या संगीतावर नाही. ते दुसऱ्या कोणाला तरी वाहावे लागते.

या तिन्हींवरून मी एक निष्कर्ष काढतो. चाल समाजाला धरून ठेवू शकते, भाषेला नाही. भाषा टिकते ती नवे शब्द रचले जातात तिथे. राजमान्यतेनेही हे काम होत नाही. विस्कॉन्सिनने 1993 साली पोल्क्याला राज्याचे नृत्य ठरवले. ग्रॅमी पुरस्कारांत पोल्क्यासाठी वेगळा विभाग झाला, 1986 साली पहिला मान यँकोविकला मिळाला, आणि 2009 मध्ये तो विभागच बंद झाला. पुरस्कार थांबला म्हणून सभागृहांतला नाच थांबला नाही. आणि पुरस्कार होता तेव्हाही त्याने कोणाच्या घरी स्लोव्हेनियन परत आणली नव्हती.

आता आपल्या घरचे. मी वडोदऱ्यात मराठी शिकवतो. माझ्या वर्गातली मुले गणपतीत पाचही आरत्या न अडखळता म्हणतात. अर्थ विचारला तर गप्प होतात. पाठांतरात चूक होत नाही, म्हणून आपले समाधान होते; पण चूक होत नाही, कारण तिथे भाषा वापरलीच जात नाही. हे क्लीव्हलंडच्या वाटेवरचे पाऊल आहे, असे मला वाटू लागले.

म्हणून गेल्या वर्षी टेक्सासची वाट धरून पाहिली. मुलांना सांगितले, ठेका तुमच्या ओळखीचा गरब्याचाच घ्या, शब्द मात्र मराठी आणि स्वतःचे हवेत, विषय सुरसागर. एकाने लिहिले, ‘तलाव भरलं.’ गुजरातीत तळाव नपुंसकलिंगी, मराठीत तलाव पुल्लिंगी. घरात दोन भाषा नांदतात, तिथे असे व्हायचेच. वर्ग हसला नाही, वाद घालू लागला : भरला की भरलं? पंधरा मिनिटे मराठीच्या लिंगविचारावर चर्चा झाली, आणि ती मी सुरू केलेली नव्हती.

शिक्षकमित्रांनी हा प्रयोग आपापल्या गावच्या चालीवर करून पाहावा. मुलांच्या वहीत चुका दिसतील. त्या दिसू लागल्या, की भाषा वापरात आली असे समजावे.