सायणभाष्यातील ‘प्रकाशवेग’

ऋग्वेदातील एका सूर्यसूक्ताच्या (१.५०.४) भाष्यात सायणाचार्यांनी एक स्मृतिपरंपरेतील श्लोक उद्धृत केला आहे. अर्ध्या निमिषात २,२०२ योजने आक्रमिणाऱ्या सूर्याला त्यात नमन आहे. निमिष म्हणजे १६/७५ सेकंद आणि योजन म्हणजे ९ मैल धरले की सेकंदाला सुमारे १,८६,००० मैल ही संख्या निघते; आणि मग सापेक्षतावादाचे बीजही चौदाव्या शतकात सापडल्याचे सांगितले जाते.

पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने १९३३ पासून सायणभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वाद पाठाचा नाही, अर्थाचा आहे. योजनाचे मान एक नव्हते. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १,०५० योजने मानला, सूर्यसिद्धांताने १,६००. पहिल्या मानाने सेकंदाला सुमारे अडीच लाख किलोमीटर येतात, दुसऱ्याने जेमतेम एक लाख पासष्ट हजार. नऊ मैलांचे योजन निवडणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते, हे उघड आहे.

शिवाय या श्लोकात धावतो तो सूर्य, प्रकाश नव्हे.

पण संख्या जुळली असे मानले तरी काय सिद्ध होते? १८४९ मध्ये फिझोने प्रकाशाचा वेग पृथ्वीवरच मोजला. त्यातून सापेक्षता उपजली नाही. आइन्स्टाइनचे १९०५ चे गृहीतक मूल्याविषयी नाहीच. उगम कसाही धावो, परस्परांच्या तुलनेत एकसमान गतीने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना निर्वातातील प्रकाशवेग एकच आढळतो, असे ते म्हणते. मराठीतील ‘स्थिर’ या शब्दात हा आशय पुरता उतरत नाही; ‘काळानुसार न बदलणारा’ एवढाच बोध होतो. ‘निरीक्षक-निरपेक्ष’ ही संज्ञा ओबडधोबड खरी, परंतु सायणांच्या श्लोकापुढे ठेवताच तिचा उपयोग कळतो: तेथे निरीक्षकच नाही, भक्त आहे.