उष्णोदक-कुंडांतील जीवाणू आणि त्यांची सजातीयनाशक द्रव्ये

(चिकित्सक व औषधनिर्माते यांच्यासाठी अभ्यासलेख. भवानी पेठ, सोलापूर)

त्वग्विकाराने त्रस्त झालेले रुग्ण आपणांस वारंवार विचारतात की, नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर किंवा कोकणातील वज्रेश्वरी येथील उष्ण कुंडांत स्नान केल्यास अंगावरील जंतू नष्ट होतात काय? या समजुतीस अलीकडे ‘कुंडातील जीवाणू स्वतःच प्रतिजैविक द्रव्य निर्माण करतात’ अशी शास्त्रीय पुष्टीही जोडली जाते. हे विधान खरे आहे. परंतु त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष खरा नाही. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

उष्णताप्रिय जीवाणू

चरकाचार्यांनी विमानस्थानात वैकारिक कृमींपासून सहज कृमी वेगळे काढले आहेत. सर्वच सूक्ष्म जीव रोगकारक नसतात, हे आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्रही सांगते. सुमारे ५० ते ७० अंश सेल्सियस तापमानात सुखाने वाढणारे जीवाणू उष्णताप्रिय म्हणून ओळखले जातात. अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यांतून थॉमस ब्रॉक यांनी शोधलेला थर्मस ॲक्वाटिकस १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या विषयास चालना मिळाली. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी उनकेश्वरच्या झऱ्यातील जीवाणूसमूहाचा जनुकीय अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला.

सजातीयनाशक द्रव्ये

एका जीवाणूने स्वतःच्या जवळच्या जातींविरुद्ध निर्माण केलेल्या प्रथिनरूप द्रव्यास बॅक्टेरिओसिन म्हणतात. अन्न व जागा मर्यादित असता खरी स्पर्धा भाऊबंदांशीच असते. म्हणून हे अस्त्र प्रामुख्याने त्यांच्यावरच चालते. निर्माता जीवाणू मात्र स्वसंरक्षक प्रथिनांमुळे सुरक्षित राहतो. पहिले असे द्रव्य आंद्रे ग्रातिया यांनी १९२५ मध्ये ई. कोलाय या जीवाणूत पाहिले. उष्णताप्रिय जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस (तत्कालीन नाव बॅसिलस) या जीवाणूतील अशा द्रव्यांचे वर्णन १९६६ मध्ये ‘थर्मोसिन’ या नावाने झाले.

२०१२ मध्ये जिओबॅसिलस थर्मोडिनायट्रिफिकन्सपासून जिओबॅसिलिन १ व २ ही दोन द्रव्ये अभ्यासली गेली. त्यांपैकी पहिले हे दुग्धजन्य जीवाणूंपासून मिळणाऱ्या, अन्नरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या निसिनच्या जातीचे आहे. निसिनच्या रेणूत गंधकाचे पाच आडबंध असतात, यात सात. उदासीन द्रवात ते निसिनपेक्षा अधिक टिकते. दुसऱ्याची क्रिया मात्र चाचणीत केवळ बॅसिलस गटावरच दिसली.

चिकित्सकांनी घ्यावयाचा बोध

पहिली गोष्ट अशी की, ही द्रव्ये बुरशीवर चालत नाहीत. म्हणून दद्रूसारख्या बुरशीजन्य विकारात त्यांचा आधार घेता येत नाही. विचर्चिका, एककुष्ठ यांसारख्या अनेक विकारांचे मूळ जंतुसंसर्गात नसतेच. ग्राम-ऋण जीवाणूंना बाह्यावरणाचे कवच असल्याने तेही बहुधा बचावतात. दुसरी गोष्ट, प्रयोगशाळेत शुद्ध व संहत केलेल्या द्रव्याची क्रिया वाहत्या कुंडाच्या पाण्यास लागू करता येत नाही. तिसरी, प्रथिनरूप असल्याने ते पोटात गेल्यास सामान्यतः पचून जाते. सबब ‘तीर्थ’ म्हणून पाणी प्राशन करून जंतुनाश साधत नाही.

उष्ण स्नानाने वेदना, स्तंभ, गौरव यांत मिळणारा आराम हा स्वेदनाचा गुण आहे, जंतुनाशाचा नव्हे. मधुमेही रुग्णाच्या पायाची संवेदना मंदावलेली असल्यास त्यास पाण्याची दाहकता कळत नाही व पाय भाजून व्रण होतो. अशा रुग्णास, तसेच उघडी जखम असणाऱ्यास, कुंडस्नान स्पष्ट शब्दांत वर्ज्य सांगावे.

औषधनिर्मात्यांसाठी

जिओबॅसिलसचे बीजाणू इतके चिवट असतात की १२१ अंशांवर चालणारे ऑटोक्लेव्ह नीट काम करते की नाही, हे त्यांच्याच साहाय्याने तपासतात. सोलापुरात पाणी १०० अंशांच्याही किंचित खालीच उकळते. म्हणजे क्वाथ कितीही वेळ उकळला तरी मुळ्या-सालींवरील मातीतून आलेले बॅसिलस गटाचे बीजाणू शिल्लक राहू शकतात, आणि क्वाथ कोमट राहिला की त्यांतील सामान्य तापमानाच्या जाती वाढू लागतात. म्हणून द्रव्ये स्वच्छ धुऊन घ्यावीत, क्वाथ गाळून लवकर थंड करावा व त्याच दिवशी पुढील संस्कारास घ्यावा. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली भरलेल्या बाटल्या ठेवू नयेत. प्रत्येक घाण्याची सूक्ष्मजीव-चाचणी करून नोंद ठेवावी. सजातीयनाशक द्रव्य स्वबुद्धीने औषधात मिसळण्याचा मोह टाळावा. ते सर्व जंतूंवर चालत नाही आणि स्वच्छतेची जागाही घेऊ शकत नाही.

निसर्गातील शस्त्र कोणावर चालते हे जाणून मगच त्याचा गुण रुग्णास सांगावा, हीच युक्तिव्यपाश्रय चिकित्सेची शिस्त होय.