पाळण्यातलं नाव, हजेरीतलं नाव

आपल्या घरात मुलीचं मधलं नाव कुणी निवडत नाही. ते बापाचं असतं, मुलीच्या जन्माआधीच ठरलेलं. आडनाव कुळाचं, आणि पहिलं अक्षर पत्रिका सांगते. उरलेली मोकळीक आत्याच्या हातात. म्हणजे नाव शोधायचं ते बापाचं नाव शेजारी ठेवूनच शोधायला हवं. पण बारशाच्या गडबडीत सगळे पहिल्या नावाच्या गोडव्यात अडकतात. मी गुजरातेत, सुरतजवळच्या कडोदऱ्यात राहते, आसपासच्या बायकांना शाळेचे फॉर्म भरून देते, आणि हा घोळ मला घरोघर दिसतो. आमच्या घरात तर आधी झाला.

कडोदरा चार रस्त्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला धुळ्याकडून येणारा रस्ता मिळतो. जवळच चलथाण स्टेशन, तिथून ताप्ती लाइनने नंदुरबार, अमळनेर, जळगाव. लूमवर आणि डाइंग मिलमध्ये कामाला आलेले आम्ही खानदेशी लोक याच रस्त्यांनी आणि रुळांनी इथे आलो. पण पहिलं बाळंतपण अजून माहेरीच होतं. मग मुलीच्या जन्माची नोंद अमळनेरला, आणि शाळा कडोदऱ्याला. महाराष्ट्रात आधी मुलीचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. गुजरातेत आडनाव पुढे, मग मुलीचं नाव, शेवटी बापाचं, आणि त्याला मानाचा ‘भाई’ जोडलेला. हजेरीत मुलगीच मधे येते.

माझ्या नवऱ्याचं नाव ज्ञानेश्वर. खानदेशात हे नाव गल्लीगल्लीत सापडेल. मुलीच्या जन्मदाखल्यावर ते इंग्रजीत आपल्या पद्धतीने ‘डी-एन-वाय’ने सुरू झालं. इथे शाळेत प्रवेश घेताना कारकुनाने ते आपल्या सवयीने ‘जी-एन’ने लिहिलं आणि पुढे ‘भाई’ लावला. त्यात वाईट हेतू नव्हता. ‘भाई’ न लावणं त्याला उद्धटपणाच वाटला असता. आधार काढताना दाखला वापरला, म्हणून तिथे पुन्हा ‘डी-एन-वाय’. काही वर्षं कुणाला काही कळलं नाही. मग विद्यार्थ्यांचे ‘अपार’ हे कायमचे ओळख क्रमांक काढायला सुरुवात झाली, शाळेची नोंद आणि आधार जुळेना, आणि संगणकाने मुलीचं नाव परत पाठवलं. प्रतिज्ञापत्र, अर्ज, मिलमधून नवऱ्याची रजा, परत अर्ज. एका पोरीला कागदावर दोन बाप आहेत की काय, असं एका बाईंनी हसत विचारलं. मला हसू आलं नाही.

म्हणून आता कुणी नाव विचारायला आलं की मी सांगते, आधी पूर्ण नाव मोठ्याने म्हणा, दोन्ही क्रमांनी. मराठी क्रमात मुलीचं नाव बापाच्या नावाला खेटतं. स्नेहा आणि बाप आनंद, झालं स्नेहानंद. दया असेल तर थेट दयानंद! मुलीचं नाव आकारान्त आणि बापाचं अ-आ ने सुरू होणारं असेल, तर दोन्ही एकमेकांत विरघळतात. गुजराती क्रमात मुलीचं नाव आडनावाला खेटतं. ‘पाटील लता’ म्हणताना एक ल हरवतो, ‘महाजन नंदिनी’त एक न. सुरेखा सुरेश हे बारशाला गमतीचं वाटतं, पण वर्गातली पोरं त्याचं गाणं करतात. बापाचं नाव लांबलचक असेल तर मुलीचं आखूड ठेवा. भाग्यश्री ज्ञानेश्वर सूर्यवंशी हे नाव ऐकायला भारदस्त आहे, फॉर्ममधल्या चौकटींत बसवून बघा.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. ‘ज्ञ’ने आम्हाला सगळ्यात जास्त रडवलं. एकच प्रज्ञा महाराष्ट्रात ‘डी-एन-वाय’, गुजरातेत ‘जी-एन’ आणि हिंदीवाल्यांकडे ‘जी-वाय’. कडोदऱ्यात तिन्ही भाषांची माणसं टेबलापलीकडे बसलेली असतात. ऋतुजाचीही तीच गत. कुणी ‘रु’ने लिहितो, कुणी ‘रि’ने, कुणी सुरुवातीला ‘एच’ घालतो. बापाचं नाव आधीच असं असेल, तर मुलीला तरी सरळ अक्षरांचं नाव द्या. माझं मत थोडं कोरडं वाटेल, पण उमा, नेहा, रेखा ही नावं तिन्ही भाषांत मार खात नाहीत.

कोणती पद्धत बरोबर, यावर वाद घालू नका. जन्मदाखल्यावर जे आहे ते अक्षर न् अक्षर पुढे न्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी हा दाखलाच शाळा, आधार, पासपोर्ट सगळ्याचा पाया झाला आहे. आधारमधलं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं, ती संधी ‘भाई’ काढण्यात आणि घालण्यात घालवू नका. प्रवेशाच्या दिवशी कारकुनासमोर दाखल्याची प्रत ठेवा आणि नम्रपणे म्हणा, ‘साहेब, भाई ना लखशो.’ ते ऐकतात.

आईचं नाव लावण्याचं आता बरेच जण विचारतात. महाराष्ट्र सरकारने मार्च 2024 मध्ये ठरवलं की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शाळेच्या आणि सरकारी कागदांत आधी आईचं, मग बापाचं नाव आणि शेवटी आडनाव यावं. मला ते आवडलं. गौतमीपुत्र सातकर्णी आईच्या नावाने ओळखला गेला, संजय लीला भन्साळी आजही ओळखले जातात. पण हा नियम महाराष्ट्राचा आहे, कडोदऱ्याच्या शाळेला तो लागू नाही. मुलगी इथे शिकणार असेल, तर चार शब्दांचं नाव इथल्या तीन रकान्यांत कसं बसेल ते आधी ठरवा. मधे दोन नावं येणार असतील तर पहिलं आणखी आखूड हवं.

आणि लग्न? ताटात तांदूळ पसरून त्यात नवरीचं नवं नाव लिहायची हौस आपल्याकडे अजून आहे. हौस करा, तांदूळ गोळा करा, पण कागद तसेच राहू द्या. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. माझ्या भावजयीने ते बदललं, आणि आता तिची मार्कशीट एका नावाची, बँकेचं पुस्तक दुसऱ्या नावाचं.

नावाची घाईही नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करा, पण नाव न घालता ती करता येते. नाव घालायला बारा महिने विनाशुल्क मिळतात, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. बारशाला कुर्र करून आत्याने सांगितलेलं नाव घरात महिनाभर हाक मारून बघावं, शेजारच्या गुजराती बेनला म्हणायला लावावं, आणि मगच ते नोंदीत घालायला नगरपालिकेत जावं. आत्या रुसली तर तिच्याकडूनच अर्ज भरून घ्या.