तीन रात्री जाळीआड

मुंबई विमानतळावर आरोग्य तपासणीच्या टेबलाशी माझ्या बायकोने पिवळं कार्ड दाखवलं आणि ती पुढे निघून गेली. माझंही कार्ड पिवळंच होतं. अधिकाऱ्याने त्यावरची तारीख पाहिली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मला बाजूच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. तिथून नया नगरच्या घरी पोचायला मला तीन रात्री लागल्या.

2024 च्या ऑगस्टमधली गोष्ट. मेहुणीच्या मुलीचा निकाह नैरोबीत होता. दुकान फार दिवस बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून गुरुवारी जायचं आणि रविवारी निघायचं असा बेत केला. तिकीट काढून देणाऱ्याला विचारलं, लस लागते का? तो म्हणाला, "केनिया मागत नाही." हे त्याने खोटं सांगितलं नाही. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया यलो फीव्हरची लस मागत नाही. मागतो तो आपला देश, परत येताना. हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

बायकोला ठाऊक होतं. ती 2018 मध्ये बहिणीकडे जाऊन आली होती, तेव्हाच तिने लस घेतली होती. "अहो, तुमचं कार्ड कुठाय?" असं तिने विचारलं तेव्हा निघायला दोन आठवडेही उरले नव्हते. मी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. ते हसले. ही लस सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रावरच मिळते, मूळ पासपोर्ट घेऊन जावं लागतं. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी तयार केली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून ठरल्या दिवशीच टोचतात. मला तारीख मिळाली ती सोमवारची. गुरुवारी तर विमान होतं.

टोचून घेतलं, पिवळ्या कार्डावर शिक्का मिळाला, मी निर्धास्त. जाताना विमान कंपनीच्या काउंटरवर कार्डाचा रंग पाहिला गेला, तारीख नाही. पण हे प्रमाणपत्र लागू होतं ते टोचल्यानंतर दहा दिवसांनी. मी परतलो तो सातवा दिवस होता. कागदाच्या हिशेबाने मी लस न घेतलेलाच माणूस.

मी वाद घातला, हे कबूल करतो. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळजवळ 1,800 मीटर उंच, तिथे स्वेटर घालून लग्न जेवलो, एक डास दिसला नाही, वगैरे. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांची यादी असते, शहरांची नसते. नियम असा: अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवस, किंवा प्रमाणपत्र लागू होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर विलगीकरण. माझ्या बाबतीत प्रमाणपत्र लागू होण्याचा दिवस, गुरुवार, आधी येत होता.

खोली स्वच्छ होती. खिडक्यांना बारीक जाळी, दाराला जाळी. पहिल्या रात्री मला वाटलं, डासांपासून माझी काळजी घेतायत. मग तिथल्या कर्मचाऱ्याने समजावलं की डासाला माझ्यापासून वाचवायचं असतं. यलो फीव्हर भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास इथे घरोघरी आहे. डेंग्यू देणारा तोच. ताप अंगात असलेल्या एका माणसाला इथला डास चावला की झालं. मला आमच्या इमारतीच्या गच्चीवरचे उघडे ड्रम आठवले. पावसाळ्यात दर घरात कोणी ना कोणी तापाने पडलेलं असतं. त्या रात्रीनंतर मी वाद घातला नाही.

अशा विलगीकरणाला आमच्या गावाकडचे म्हातारे 'करंटीन' म्हणत. हजला बोटीने जाणाऱ्यांना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर अडकवून ठेवत, आणि 1897 मध्ये तर मुंबईत प्लेग होता म्हणून इथून यात्रेकरूंना सोडलंच नव्हतं. त्या मानाने तीन रात्री आणि फोनचं चार्जिंग म्हणजे चैन.

तेव्हापासून आमच्या हैदरी चौकात कोणी परदेशी निघालं की मी आगाऊपणे दोन प्रश्न विचारतो: जाणार कधी, आणि परत कुठून येणार? अदिस अबाबावरून स्वस्त तिकीट मिळतं खरं, पण इथिओपियाही त्याच यादीत आहे. थांबा कितीचा आणि त्याला नियम कुठला लागतो, ते तिकीट काढण्याआधी विचारा. वय साठच्या पुढे असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, ही जिवंत लस आहे आणि ती कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. एकदा घेतली की जन्मभर चालते, 2016 पासून दहा वर्षांची अट गेली आहे. म्हणून कार्ड मात्र जपा. मोंबासाकडे किनाऱ्यावर जाणार असाल तर मलेरियाच्या गोळ्यांचं विचारा, आणि परतल्यावर महिन्याभराने जरी ताप आला तरी डॉक्टरांना आधी आफ्रिकेचं नाव सांगा.

आमच्या भागात आफ्रिकेपेक्षा उमऱ्याला जाणारे कितीतरी जास्त. तिथे मेंदूज्वराची लस, आणि तिथेही पोचण्याआधी दहा दिवस. 2000 च्या हजमध्ये डब्ल्यू-135 या प्रकाराची साथ पसरली, तेव्हापासून ए, सी, वाय आणि डब्ल्यू-135 अशा चारही प्रकारांची लस मागतात. कार्डावर लशीचा प्रकार लिहून घ्या: पॉलिसॅकराइड असेल तर तीन वर्षं, कॉन्ज्युगेट असेल तर पाच. हज कमिटीतून जाणाऱ्यांसाठी सरकारी शिबिर असतं. उमऱ्याला जाणाऱ्याने स्वतःच धावायचं असतं. "कोणी बघत नाही" असं गल्लीत सांगतात. माझंही कार्ड जाताना कोणी नीट बघितलं नव्हतं.

गुरुवारी सुटलो. घरी आल्यावर बायकोने चहा दिला आणि दोन्ही पिवळी कार्डं एकाच पाकिटात घालून पासपोर्टांना रबर लावलं. मी चप्पल घालून गच्चीवर गेलो. ड्रम चार होते, झाकण एकालाच होतं.